बाहेरून आलेली

अडकलेल्या ग्रीन कार्डाची काळजी दोन दिवस विसरायची म्हणून माझा मुलगा नकुल मला नेवाडाच्या वाळवंटातल्या एका गावाबाहेर कॅम्पिंगला घेऊन आला. सकाळी तो पक्षी बघायला दुर्बीण लावून बसला होता. तेवढ्यात आमच्या तंबूवर येऊन बसली चक्क चिमणी! माझ्या माहेरी तसबिरीमागे घरटं करायची, तीच.

"नकुल, अरे चिऊ बघ!"

"आई, ती माझ्या यादीत काउंट नाही होत. ती इथली नाहीच. बाहेरून आली आणि इथल्या पक्ष्यांची घरटी बळकावून बसली."

"कधी आली रे?"

"झाली दीडशे वर्षं. खरं तर हिला हाकलायलाच हवं."

मी चिमणीपुढे चार चुरमुरे टाकले आणि म्हटलं, "हळू बोल बाबा. कोणी ऐकलं, तर तुम्हा दोघांनाही हाकलतील."