माणशी दीड हजार

चिकटरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, तोंडातली खोकल्याची गोळी काढून डॅशबोर्डवर नेहमीच्या जागी चिकटवली आणि महिन्याचा हिशोब वाचायला घेतला.

"पेट्रोल. ऑइल. गाडी धुणं, चार वेळा. पंक्चर एक. काच पुसायचं फडकं एक."

"फडकंसुद्धा?" मागच्या सीटवरून केमिस्ट म्हणाला.

"फुकट मिळतं का? चार भाग केलेत, माझा धरून. माणशी दीड हजार." वाचून झालं तशी त्यांनी गोळी उचकटली, तिच्यावर एक फुंकर मारली आणि परत तोंडात टाकली.

शेजारी बसलेल्या ताईंनी तोंड फिरवलं. त्यांनी काच खाली केली.

रंगाच्या कारखान्यात चिकटराव स्टोअर सांभाळत आणि ताई हिशोब. कारखाना शहराबाहेर, जायला दोन बस बदलाव्या लागत. त्यामुळे चिकटराव, ताई, केमिस्ट आणि रिसेप्शनवरची मुलगी, असे चौघं रोज चिकटरावांच्या गाडीतून जात. 'चिकटराव' अर्थातच पाठीमागे. तोंडावर सगळे काका म्हणत. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा गृहस्थ. गाडीच्या किल्लीने कान कोरायचा, किल्ली पँटला पुसायची आणि तीच इंजिनला लावायची. सीटवर कुणी बिस्किटाचा चुरा सांडला तर तो वेचून स्वतः खायचा. रोज दोन वेळा या माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे शिक्षाच होती, आणि वर तिचे पैसे मोजायचे!

त्या दिवशी कारखान्याच्या जिन्यात रिसेप्शनवरच्या मुलीने ताईंना गाठलं.

"ताई, पुढच्या महिन्यापासून मी बसनेच येईन म्हणते. दीड हजार नाही हो झेपत. घरी आईचं औषधपाणी आहे."

"दोन बस बदलून? घरातून निघशील कधी आणि पोचशील कधी?"

"काय करू मग?"

पोरीचे डोळे भरून आलेले पाहून ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एका फडक्याचे चार भाग करणारा माणूस बाकी कशाकशात हात मारत असेल, कुणी सांगावं! "तू थांब जरा," त्या म्हणाल्या. "या गाडीला वर्षाला खरा खर्च किती येतो, तो मीच काढते. मग बघू काकांकडे."

ताई कामाच्या पक्क्या. सगळा कारखाना त्यांच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं, विमा एजंट असलेल्या आतेभावाला विचारलं, जुन्या गाड्या विकणाऱ्यालाही फोन केला. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, विमा, कर, दर वर्षी गाडीची उतरणारी किंमत. काही म्हणून सोडलं नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी बेरीज मारली. पुन्हा मारली. आकडा हलला नाही. त्यांनी कागदाची घडी घातली. मग डॅशबोर्डवरची ती ओलसर गोळी डोळ्यांसमोर आली आणि अंगावर शिसारी उठली. असल्या माणसाला दयामाया दाखवायचं काही कारण नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये चौघं एका टेबलाशी बसले.

"काका," ताईंनी तोंड उघडलं, "तुमच्या गाडीचा वर्षाचा हिशोब मी काढला. नीट, सगळं धरून."

चिकटराव चहा बशीत ओतून भुरके मारत होते. ते थांबले. "का हो? चुकलं का काही माझं?"

"चुकलंय. थोडंथोडकं नाही."

केमिस्टने मुलीला कोपराने ढोसलं. "मला वाटलंच होतं! ताई, आकडे दाखवा की."

"आकडे कशाला चव्हाट्यावर आणायचे? काका वयाने मोठे आहेत. त्यांना खाली बघायला लागेल असं मला नाही करायचं."

चिकटरावांचा चेहरा पडला. मिशीला लागलेला चहा पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. "ताई, मी कुणाचा पैसा खाल्लेला नाही हो. पावत्या बघूनच मांडतो. पण तुम्ही काढलाय म्हणजे तुमचंच बरोबर असणार. मी आपला गोण्या मोजणारा माणूस."

"या महिन्यापासून माणशी एक हजार घ्या. झालं."

"घेतो. एक हजारच घेतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि मागचं जे जास्तीचं आलं असेल ते फेडतो. थोडं थोडं करून फेडतो, फक्त कारखान्यात बोलू नका कुठे."

"राहू द्या हो," ताई म्हणाल्या. "मागचं उकरून काय करायचंय?"

मुलीने टेबलाखालून ताईंचा हात घट्ट धरला. केमिस्टने चौघांच्या चहाचे पैसे दिले, जे आजवर कधी घडलं नव्हतं. संध्याकाळी चिकटरावांनी सगळ्यांना नेहमीसारखं घरी सोडलं. ताईंनी उतरताना काच वर केली आणि हातरुमालाने बोटं पुसली.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. ताईंनी त्याला सगळं रंगवून सांगितलं, भुरक्यांसकट. तो पोट धरून हसला.

"वा! बरी जिरवलीस. पण खरा खर्च निघाला तरी किती?"

"माणशी वर्षाला छत्तीस हजार."

नवऱ्याचा हात थांबला. "आणि तुम्ही किती देत होतात?"

"अठरा," ताई पंख्याखाली बसत म्हणाल्या. "आता बारा."