झाकण

बाबांच्या आजारपणात दादाने त्यांची जुनी गाडी गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतली. वीस वर्षं त्यांच्या गॅरेजात राबलेल्या मला म्हणाला, "तुला काय कळतंय गाडीतलं!"

आता ती दर अर्ध्या तासाने बंद पडते. त्याने पंप बदलला, फिल्टर बदलला, कार्बुरेटर दोनदा खोलून घेतला. शेवटी नाक मुठीत धरून माझ्याकडे आला.

"पेट्रोल पुढे का येत नाही गं?"

"मला काय कळतंय गाडीतलं, दादा?"

टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक लागतं, नाहीतर आत पोकळी होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. नावावर झाल्यावर तो गॅरेजातून गाडी न्यायला आला, त्या सकाळीच मी बिनभोकाचं बसवलं होतं.



जुनं झाकण त्याच्या नाकासमोरच होतं, माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं.