रूपलाची खोड

मुलांनो, समजा तुम्ही वऱ्हाडातल्या धनजजवळच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात बसला आहात. साल एकोणीसशे चौपन्न. उन्हानं पत्रे तापले आहेत आणि समोर जगदेव गुरुजी उभे आहेत. बोलून बोलून त्यांचा घसा बसला आहे.

"आवाज आपोआप कानावर पडला तर हिअर," गुरुजी म्हणाले. "मन लावून ऐकला तर लिसन. आय हिअर द बेल. आय लिसन टू माय टीचर."

मागून मदननं काहीतरी विचारलं. पोरं हल्ली फार पुटपुटत. घरी बायको तुळसाबाईसुद्धा अर्धं बोलणं तोंडातच ठेवायची. गुरुजींना या सगळ्याचा शीण आला होता.

पहिल्या रांगेतला रूपला मोठ्यानं म्हणाला, "गुरुजी, मंगरूळच्या दर्ग्यातली कव्वाली हिअर का लिसन?"

"रस्त्यानं जाता कानी आली तर हिअर, बसून ऐकली तर लिसन. पण हे मदननं विचारलं होतं ना? तू काहून परत म्हणतोस? हे काय तांड्यातलं भजन आहे, पुढच्यानं म्हटलं की मागच्यानं ओढायचं?"

वर्ग हसला. रूपला खाली मान घालून बसला.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी त्याला थांबवून घेतलं.

"उद्या शाळा तपासायले साहेब येतात. मंगरूळपीरच्या वसतिगृहात एकच जागा आहे. नाही भेटली तर काय करशील?"

"बापासंगं परगावी कामाले जाईन. बैलगाडी निघालीच हाय आमची."

"मंग ही खोड सोड. साहेबाले हुशार पोरगं पाहिजे, पोपट नाही. उद्या कोणाचंच बोलणं परत म्हणायचं नाही."

"एकडावही नाही?"

"एकडावही नाही. कबूल?"

रूपला बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानं हळूच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला उभं केलं. रूपलानं दोन्ही शब्द वाक्यांत बिनचूक वापरले. कोणाचं काही परत म्हटलं नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वर्ग पाहत पाहत ते मागच्या दाराकडे गेले. "जागा कोणाले द्याची ते जाताना सांगतो," एवढं ते थाप मारतानाच म्हणाले होते.

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. थकल्या हातानं ते फळ्यावर पुढचा धडा लिहू लागले. सावकाश, वळणदार. लिहून झाल्यावर हात झटकत ते वळले.

सगळा वर्ग त्यांच्याकडे पाहत होता. एकही पोर हसत नव्हतं. मागच्या दाराशी साहेब उभे होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि ओठ हलत होते. नुसतेच हलत होते.

रूपलानं एकदा साहेबांकडे पाहिलं. मग तो जागेवरून उठला, गुरुजींच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गुरुजी, साहेब इचारून राह्यले, या वर्गाले इंग्रजी कोण शिकवते?"