वरच्या सात नळ्या

"बस!" गेस्के खालून ओरडली.

ओनोने सूर लावायचा पितळी शंकू नळीच्या तोंडावरून उचलला. नळी जेमतेम करंगळीएवढी. खाली त्याच्या मदतनीस गेस्केचं बोट पट्टीवर होतं, भात्यातली हवा नळीतून जात होती, म्हणजे नळी वाजत असणारच. ओनोला मात्र काही ऐकू येत नव्हतं.

"पुढची," तो म्हणाला.

शंकू नळीवर टेकला. टक्.

"बस!"

काय कान आहेत बाईचे, ओनोच्या मनात आलं. नुसता हात लावावा आणि हिने सांगावं की सूर लागलेलाच आहे! मागे झुकून त्याने फळीला पाठ टेकली. ऑर्गनच्या पोटात, चौदाशे नळ्यांच्या गर्दीत बसलेल्या माणसाचा चेहरा कोणाला दिसत नाही, हे एक बरं होतं.

विद्यापीठाकडे असे सहा ऑर्गन होते, वेगवेगळ्या काळातले. हा सर्वांत जुना. चाळीस वर्षं सहाही ऑर्गन ओनो बेरेंड्सच सुरात ठेवत आला होता. दर वेळी काम संपलं की तो वहीत लिहायचा, 'सर्व नळ्या सुरात', आणि खाली सही करायचा. गेल्या चार वर्षांतली एकही सही खरी नव्हती.

चार वर्षांपूर्वी नातीने जत्रेतून बारकी शिट्टी आणली होती. तिने ती त्याच्या तोंडासमोर धरून वाजवली, आणि आजोबांना दिसले ते फक्त तिचे फुगलेले गाल. दुसऱ्या दिवशी तो इथे येऊन वर चढला. सर्वांत वरच्या सुरांच्या सात नळ्या त्याच्यापुरत्या गप्प होत्या.

तेव्हा त्याने गेस्केला सांगितलं, "यापुढे वरच्या नळ्यांना तू सांगायचं, केव्हा थांबायचं ते. पंधरा वर्षं पट्ट्या दाबतेस, कान तयार व्हायला नकोत?"

गेस्के क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, मास्तर."

हल्ली ती त्याच्याशी मोठ्याने बोले. बहिऱ्याशी बोलावं तसं. हिला सगळं कळलंय, ही मला सांभाळून घेतेय, असं वाटून ओनो तिच्याशी नजर मिळवायचं टाळत असे.

"मास्तर, उतरा आता!" तिने हाक मारली. "फार वेळ बसलात तर लुर्सबाई जुन्या वाद्यांसारखा तुमच्यावरही यादीतला क्रमांक टाकतील. आणि चहा आलाय!"

लुर्सबाई म्हणजे या सहा ऑर्गनांच्या प्रमुख. त्या स्वतः किटली घेऊन आल्या होत्या. कपात खडीसाखर, तिच्यावर चहा, कडेने साय. इथल्या रीतीप्रमाणे तिसरा कप होईपर्यंत उठणं शक्य नव्हतं.

"मोइन, ओनो," बाईंनी इकडच्या रीतीने नमस्कार केला. "रविवारी वाजवायला आलेल्या पाहुण्यांनी काय सांगितलं, ऐकलंत? या ऑर्गनचे वरचे सूर इतके स्वच्छ त्यांनी कुठेच ऐकले नाहीत म्हणे."

ओनोने कपात बघितलं.

"ऐका ना, आम्ही एक ठरवलंय. सोमवारपासून तुमचा एक वर्ग. ऐकायचा वर्ग. बारा मुलं आहेत, दोन तर थेट जपानहून आलीत. सूर कसा ऐकायचा, ते तुम्ही शिकवायचं."

"मी हातांची कामं करणारा माणूस."

"हात सगळ्यांनाच असतात हो. आम्हाला तुमचे कान हवेत."

दुसरा कप ओतला गेला. साखर तडकली असणार. तोही आवाज ओनोला हल्ली येत नसे. वहीत खोटं लिहिलं, ते कागदावर राहिलं. पण बारा मुलं डोळे मिटून समोर बसणार, आणि आपण त्यांना विचारणार, 'ऐकलंत?' आणि एखादीने उलट विचारलं, 'तुम्ही ऐकलंत, मास्तर?' तर?

"मला येत नाही," तो म्हणाला.

"शिकवायला? येईल हो."

"ऐकू येत नाही." "वरच्या सात नळ्या. चार वर्षं झाली. मी नुसता शंकू टेकवतो. वही खोटी आहे, बाई. नोकरी जाईल म्हणून नाही लपवलं. लाज वाटली. सुताराला लाकूड दिसेनासं झालं, तर तो कोणाला सांगणार?"

लुर्सबाईंनी किटली खाली ठेवली.

"मग वरचे सूर इतके स्वच्छ कसे?" त्यांनी विचारलं.

"ते हिचे." ओनोने प्रथमच गेस्केकडे सरळ पाहिलं. "कान हिचे आहेत. मी हात लावायचा आणि हिने तिथल्या तिथे सांगायचं. एकदासुद्धा चुकली नाही. कौतुक माझं झालं आणि मी ते गपगुमान घेतलं. वर्ग हिला द्या. सोमवारी त्या पोरांसमोर हिला बसवा. मी तिच्यासाठी पट्ट्या दाबीन."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. चार वर्षांनी तो ताठ बसला.

लुर्सबाई गेस्केकडे वळल्या. "गेस्के, जमेल तुम्हाला?"

गेस्केचा चेहरा कानशिलांपर्यंत लाल झाला होता. तिने कप बशीत ठेवला.

"मास्तर," ती म्हणाली, नेहमीसारखी मोठ्याने, "मला त्या नळ्या तुमच्याही आधीपासून ऐकू येत नाहीत. तुम्ही शंकू टेकवलात की मी 'बस' म्हणायची. वाटायचं, चुकलंच माझं, तर तुम्हाला ऐकू येईलच की."