फडक्यावरचे जीव

धाकट्या सम्मेदनं मळ्यातल्या टाकीत इंधनाचं तेल काढण्यासाठी शेवाळ वाढवलं, तेव्हापासून गाव त्याला कौतुकानं 'दुबईचा शेठ' म्हणू लागलं. थोरल्या धरणेंद्रच्या पोटात दुखू लागलं. पाणी गाळल्यावर फडक्यावर उरलेले बारीक जीव पुन्हा विहिरीतच सोडायचे, हा त्यांच्या जैन घरचा नेम. धरणेंद्र ते गुपचूप भावाच्या टाकीत सोडू लागला. जीव तर वाचतच होते!

महिन्याभरात त्या जिवांनी शेवाळ फस्त करत आणलं.

"औषध मारलं तर शेवाळ वाचंल, असं सांगलीचं सायेब म्हणत्यात," सम्मेद म्हणाला. "पर दादा, एवढं जीव मारायला हात धजत न्हाई. जाऊ दे शेवाळ."

धाकट्याच्या त्या हाताचा धरणेंद्रला टाकीपेक्षाही जास्त हेवा वाटला.