परीक्षेपुरता पेशंट

साथीमुळे वैद्यकीय विद्यापीठानं विद्यार्थ्यांना वॉर्डात यायला बंदी केली आणि फर्मान काढलं: प्रात्यक्षिक परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर, पेशंट म्हणून घरातलंच कुणीतरी बसवा. ज्या घरात माणसं कमी पडली, तिथं मांजराच्या छातीला स्टेथोस्कोप लागला. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा!

आमच्या शेजाऱ्यांच्या लेकीनं आपल्या बाबांना बसवलं. शाळेच्या नाटकात प्रेताचं काम मिळालं, तरी फिदीफिदी हसत उठून बसलेला हा माणूस! तालमीत "धाप लागल्यासारखं करा" म्हटलं की त्यांना हसूच फुटायचं.

"बाबा, तुमच्यापायी माझं वर्ष जाईल हं!" ती करवादायची.

परीक्षेच्या दिवशी मात्र बाबांनी कमाल केली. खोकले काय, धापा टाकल्या काय, कपाळावर घामसुद्धा आणला! लेकीनं निदान अचूक सांगितलं, पण परीक्षकांनी नाक मुरडलं, "तुमचा पेशंट जरा अतिच करतोय."

कॅमेरा बंद होताच लेक उसळली, "एवढी ओव्हरअ‍ॅक्टिंग कशाला केलीत? गेले ना माझे मार्क!"

बाबांनी भिंतीला हात टेकला आणि ओशाळं हसून, थांबत थांबत ते म्हणाले,

 

"चुकलं गं बाळा. तुझी परीक्षा बुडेल म्हणून परवापासून खोकला दाबून धरला होता. आज मोकळेपणी खोकायला मिळालं, तर आवरताच आलं नाही."