पानातली हळद

माईंना हल्ली माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत, वास मात्र ओळखू येत. त्या धड जेवतही नव्हत्या. म्हणून त्यांच्या लेकीने, हेमांगीने, पातोळ्या करायला घेतल्या. उकडताना हळदीच्या पानाचा वास सुटला की माई दोन घास खातील, अशी तिला आशा होती.

आता सगळीकडे पिवळ्या पानांचीच हळद लावत. खणायला नको, शिजवायला नको, पान वाळवून कुटलं की झालं. पानातलं कोणतं प्रथिन जागं केलं की गड्ड्यातला रंग पानातच तयार होतो, हे शोधणाऱ्यांत हेमांगीही होती. बाल्कनीतल्या कुंडीत तिने कौतुकाने तेच रोप लावलं होतं.

पातोळी पिवळीधमक झाली, कडूही झाली. वास नावालाही नव्हता.

माईंनी ताटली सरकवली. "बाई, तुम्ही कोण ते ठाऊक नाही. पण या पानाला आपण पान आहोत हेच आठवत नाहीये. माझ्यासारखंच."

हेमांगीला हसूही आलं आणि रडूही. बाल्कनीत जाऊन तिने रागाने ते रोप उपटलं. गड्डा पांढराफटक होता. तो नखाने खरवडला आणि ती थबकली. रंग वर चढला तसा पानातला वास खाली उतरला होता. प्रयोगशाळेत सगळ्यांनी रंग मोजला, गड्डा हुंगला कुणीच नव्हता.

तिने गड्डा ठेचून मोदकपात्राच्या पाण्यात टाकला आणि केळीच्या पानात नव्या पातोळ्या लावल्या.

वाफ घरभर झाली, तशी आतल्या खोलीतून हाक आली.

"हेमे, या वेळी तरी गूळ हात राखून घालू नकोस गं."